शिळं पाणी, मेंदी आणि आमचा डिव्हायडर

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की त्याला वाटतं आपण फेकायलोत. आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा, आणि ऐन उन्हाळ्यात जायकवाडीहून येणारी लाइन कुठे फुटली की मग विचारूच नका. अशा गावात डिव्हायडरवर बाग करायची म्हटल्यावर आमच्याच घरात पहिला प्रश्न आला की घरातली तुळस वाळायली आणि तुम्ही रस्त्याला पाणी घालणार का? प्रश्न चुकीचा नव्हताच. त्यामुळे इथे मी झाडांपेक्षा पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे, कारण रोपं लावणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग होता, ते कोणीही करतं, ५ जूनला, पर्यावरण दिनाला तर सगळेच करतात.

आधी जागा सांगते. सिडकोचा एक एन-अमुक सेक्टर. सिडकोनं आखलेली वसाहत असल्यामुळे आतले रस्तेसुद्धा ऐसपैस आणि मधे रुंद डिव्हायडर. आमच्यासमोरचा साधारण २०० फूट लांब आणि ११ फूट रुंद, म्हणजे इथल्या एखाद्या रो-हाऊसच्या प्लॉटपेक्षा मोठाच. दोन्हीकडे सिमेंटचे कर्ब, मधे लाइटचे खांब, आणि बाकी काय तर कोणाच्या तरी घराचा पाडलेला मलबा, फुटकं कमोड, गणपतीनंतरचं थर्माकोल, करवंट्या आणि कमरेएवढं गाजरगवत. एका टोकाला पाणीपुरीची गाडी रात्री साखळीनं बांधून ठेवलेली, दुसऱ्या टोकाला 'भावी' लोकांचे बॅनर. एका बाजूला बंगले, दुसऱ्या बाजूला रो-हाऊसेस आणि पंक्चरचं दुकान, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचं एकमेकांशी बोलणं फक्त गाडी आडवी लावली तरच.

२०२३च्या फेब्रुवारीत जी-२० मधल्या महिलांच्या गटाची, ती डब्ल्यू-२० ची बैठक आपल्या शहरात झाली तेव्हा मोठ्या रस्त्यांवर रंगरंगोटी, झाडं, लाइटिंग सगळं चाललं होतं. (त्याच सुमारास गुरुग्राममध्ये जी-२० साठी ठेवलेल्या कुंड्या एकजण महागड्या गाडीतून येऊन डिकीत भरून नेतोय तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल.) आमच्या आतल्या रस्त्यावर काही पाहुणे येणार नव्हते. समोरच्या काकू म्हणाल्या, "आपल्याकडं कोण यायलंय, आपणच आपले पाहुणे." तेव्हा नुसतं हसून सोडून दिलं.

खरं कारण निघालं ते गाजरगवताचं. बंगल्यातले एक काका, कृषी खात्यातून रिटायर झालेले, त्यांच्या हाताला मानेला चट्टे उठायला लागले, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की घराजवळ काँग्रेस गवत आहे का. काका स्वतः आयुष्यभर शेतकऱ्यांना हेच सांगत फिरलेले. हे गवत आपलं नाही, अमेरिका खंडातलं, भारतात पहिल्यांदा दिसलं ते पुण्यात १९५५ च्या आसपास, आणि एक झाड हजारांनी बी टाकतं. ते काढायचं तर फुलं यायच्या आधी, पाऊस पडून माती ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट. नुसतं कापलं की परत फुटतं. जुलैतल्या एका रविवारी आम्ही काहीजण उतरलो, काकांनी स्वतः हात लावला नाही, कर्बवर उभं राहून सूचना दिल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खालची जमीन पहिल्यांदा दिसली. जमीन कसली, विटांचे तुकडे.

मग परवानगी. इथे लोक दोन टोकं गाठतात, एक तर विचारतच नाहीत आणि रातोरात झाडं लावतात, नाहीतर परवानगी मिळणार नाही म्हणून सोडून देतात. डिव्हायडर ही सार्वजनिक जागा, तुम्ही लावलेलं झाडसुद्धा मोठं झालं की ते तुम्हाला मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड कोणी का लावलेलं असेना. म्हणून काय लावणार हे आधी कागदावर हवं. आम्ही अर्ज दिला, सोबत हातानं काढलेला नकाशा, दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या. दोन्ही बाजूंच्या हे महत्त्वाचं, एकाच बाजूच्या सह्या असत्या तर पलीकडचे म्हणाले असते आमच्या पार्किंगवर डोळा आहे. (म्हणालेच होते. सही घ्यायला गेलो तेव्हा.) नकाशा बघून ज्या साहेबांनी आम्हाला समजावलं ते मला आवडलं, कारण त्यांनी झाडांबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, "कट कुठंय?" म्हणजे डिव्हायडर जिथे तोडून यू-टर्नला जागा दिलेली असते ते.

कटपाशी काही उंच लावायचं नाही. रस्ते आखताना गाडीवाल्याची नजर जमिनीपासून १.२ मीटरवर धरतात, त्या उंचीवर जर कण्हेर नाहीतर टिकोमा फोफावला तर वळणाऱ्याला समोरचा दिसत नाही आणि झुडपामागून पळत येणारं पोरगं तर कोणालाच दिसत नाही. कटच्या दोन्ही बाजूंना ३० फूट गुडघ्याच्या वर काही जाऊ द्यायचं नाही असं साहेबांनी नकाशावरच पेननं आखून दिलं. दुसरी अट लाइटच्या खांबांची, खांबाखांबातून केबल जमिनीखालून जाते, तर टिकाव मारायचा नाही, जेसीबी तर नाहीच, हातानं हलकं उकरायचं. तिसरी अट, वर वायर जाते तिथे वड-पिंपळ-कडुनिंब नाही. आणि चौथी, बोर्ड लावायचा तर लहान, आणि जागेवर कोणाचाही हक्क नाही. ही चौथी अट मी लॅमिनेट करून ठेवलीय, नंतर कामाला आली.

आता माती. मलबा काढायला ट्रॅक्टर लावला आणि वरवरचा ढिगारा उचलला तर खाली कडक मुरूम. लोकांचं म्हणणं होतं वर फूटभर काळी माती टाकून द्या. हिशोब केला तर २०० गुणिले ११ फूट म्हणजे २२०० चौरस फूट, फूटभर थर म्हणजे २२ ब्रास माती, एवढे पैसे कोण देणार, आणि नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिखल होतो. काकांनी सांगितलं सगळीकडे माती लागतच नाही, जिथे रोप तिथे खड्डा, बाकी मुरूम तसाच राहू द्या. तळ्यातला गाळ, चांगलं कुजलेलं शेणखत आणि तिथलाच चाळलेला मुरूम, सारख्या प्रमाणात. खड्डे आणि कडेची चर मिळून ५ ब्रासमध्ये काम भागलं. वर्गणी घरटी ५०० रुपये, काहींनी दिली, काहींनी "बघू" म्हटलं, ज्यांनी बघू म्हटलं त्यांच्यातल्या एकाच्या शेतातून शेणखताची अख्खी ट्रॉली आली, त्यामुळे मी वर्गणीची यादी कुठे लावली नाही.

मातीच्या बाबतीत एक गोष्ट मिस्त्रीनं सांगितली ती कुठल्याच पुस्तकात मला दिसली नसती. माती कर्बच्या काठापेक्षा चांगली चार बोटं खाली ठेवा. गावातले डिव्हायडर बघा म्हणाला, माती कर्बच्या वर डोंगरासारखी चढवलेली असते, दिसायला भरगच्च, पण पहिल्या पावसात तीच माती रस्त्यावर येते आणि टू-व्हीलरवाले घसरतात. शिवाय माती खाली असली तरच वरचं पाणी आत थांबणार. आणि पाणी थांबणं किती गरजेचं आहे ते रस्ता बघितल्यावर कळतं, रस्त्याला मधून उंचवटा असतो, पावसाचं पाणी दोन्ही कडांना पळतं, म्हणजे डिव्हायडर हा अख्ख्या रस्त्यातला सगळ्यात कोरडा पट्टा. रस्त्यावरून नदी वाहत असते आणि मधे मुरूम तहानलेला. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, त्यातलं जे थेट डोक्यावर पडेल तेवढंच त्याचं.

झाडं कोणती यावर जी मीटिंग झाली ती माझ्या गच्चीवर, चहा माझा. मीटिंग कसली, बाजार होता. एका ताईंना पालक-मेथी-कोथिंबीर हवी होती, शेअर करू म्हणाल्या, सेंद्रिय. मी अडून बसले. रस्त्याच्या मधे पालेभाजी नको. टायरची झीज, ब्रेकची धूळ, धूर सगळं पानावर बसतं, आणि धुतल्यानं वरचं जातं, मातीतलं नाही. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं पण त्याआधी वर्षानुवर्षं जे रस्त्याकडच्या मातीत बसलं ते शिसं काही विरघळून जात नाही. काकांनी मला साथ दिली म्हणून ते टळलं. तरी कोणीतरी नंतर कोपऱ्यात गवती चहाचं बेट गुपचूप लावलंच. कोणी लावलं ते मला माहितीये, आणि त्या बाई मला दर वेळी तोच चहा पाजतात, मी काय बोलणार.

पूजेच्या फुलांचा प्रश्न त्याहून नाजूक. सकाळी पाच वाजता हातात प्लास्टिकची पिशवी आणि आकडा लावलेली काठी घेऊन फिरणारी जमात प्रत्येक गावात असते, लोकांच्या कंपाउंडमधली जास्वंद ते सोडत नाहीत तर रस्त्यावरची काय सोडणार. जास्वंद लावली असती तर रोज भांडण. शेवटी पारिजातक लावला, वायर नाही अशा मधल्या भागात दोन झाडं, कारण पारिजातकाची खाली पडलेली फुलं देवाला चालतात, तोडायचा प्रश्नच येत नाही. सकाळी जो आधी येईल त्यानं वेचावीत. एवढा साधा उपाय काकूंनी सुचवला, आम्ही सगळे नियम आणि बोर्ड कसा लिहायचा यातच अडकलो होतो.

आणि मेंदी. ही पंक्चरवाल्या मामूंची आयडिया. कर्बच्या आतून बॉर्डर म्हणून नर्सरीवाला ड्युरांटा सुचवत होता, ती पिवळी-हिरवी, प्रत्येक हॉटेलबाहेर असते ती. मामू दुकानातून हात पुसत आले आणि म्हणाले, "दीदी, वो नर्सरीवाला झाड दो महिने में मर जाता पानी बिगर. मेहंदी लगाओ. हमारे गाँव में खेत को मेहंदी की बाड़ है, मेरे दादा ने लगाई सो, अब तक है." बरोबर होतं. मेंदी पाण्याशिवाय तग धरते, उन्हाला भीत नाही, आणि कुंपणासाठी ती आपल्याकडे जुन्या काळापासून लावतातच, आता आपण विसरलो. ती वेळोवेळी छाटावी लागते नाहीतर वेडीवाकडी वाढते. पण मेंदीची छाटणी करायला माणूस लावावा लागतच नाही ना! लग्न असलं की, ईद असली की, नागपंचमी-हरतालिका आली की बायका स्वतःच येतात पाला न्यायला. आम्ही एकच नियम केला, वरून तोडा, बाजूनं नाही. वरून तोडली की ती उंच जात नाही आणि खालून भरते, आणि कटपाशी तर गुडघ्याच्या वर जायची वेळच येत नाही. रमजानच्या शेवटच्या दिवसांत पलीकडच्या पोरी ताटं घेऊन कर्बवर बसून पाला ओरबाडत होत्या, दोन दिवसांत अख्ख्या बॉर्डरची एकसारखी छाटणी, फुकटात. तेव्हा मला या सगळ्या प्रकाराचं गणित कळलं असं म्हणता येईल, सगळ्यांच्या जागेत असं काहीतरी लावावं की जे तोडून नेणं हीच त्याची निगा असते. जिथे तोडणं म्हणजे नुकसान तिथे वॉचमन लागतो, आणि डिव्हायडरला वॉचमन कुठून आणणार.

बाकी मग कण्हेर मधल्या भागात (जनावरं तोंड लावत नाहीत, विषारी असतं, लहान मुलांच्या आयांना दाखवून सांगितलं), बोगनवेल, अडुळसा, निरगुडी, दोन बहावे. एक रुई आपोआप उगवली, ती काढू दिली नाही मी. तिच्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या झाल्या तेव्हा फवारणीचा पंप घेऊन एकजण निघालेच होते, त्यांना थांबवून सांगितलं की या बिबळ्या कडव्या फुलपाखराच्या अळ्या, त्या रुईच्या वर्गातलीच पानं खातात, तुमच्या गुलाबाकडे बघणारसुद्धा नाहीत. कोरफड लावली होती, ती गेली. कोरफड टिकत नाही, ब्यूटी पार्लरपासून ते संधिवातापर्यंत सगळ्यांना हवी असते.

आता पाणी.

पहिला प्रयोग ग्रुपवर वार वाटून देण्याचा. सोमवार अमुक घर, मंगळवार तमुक. अंगठे भरपूर आले, बादल्या कमी. आणि त्यात वाईट कोणाचंच नव्हतं, आठ-आठ दिवस साठवलेल्या पाण्यातून कोण बादली काढून देणार, ज्याच्या घरी पिंप तळाला गेलंय त्याला तुम्ही वारावरून टोकणार कसं. टँकर मागवून बघितला, पाइप सोडला की पाच मिनिटांत सगळं पाणी वरच्यावर वाहून रस्त्यावर. बोअरचं पाणी होतं एका अपार्टमेंटचं, ते द्यायलाही तयार होते, मी टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर आणून मोजलं तर हजाराच्या आसपास. आरओचं फेकलेलं पाणी तर त्याच्याही वर, आणि ते तर प्रत्येक घरात रोज निघतं, एक लिटर शुद्ध करायला दोन-तीन लिटर बाहेर. हे खारट पाणी मेंदी, कण्हेर, बोगनवेल सोसतात, पण त्यावरच जगवलं तर मातीवर पांढरा क्षार चढतो आणि मोगऱ्याची पानं कडेनं जळतात. पावसाळ्यात क्षार धुऊन जातो थोडाफार. म्हणून आरओचं पाणी द्यायचं ते फक्त बॉर्डरला, तेही अधूनमधून.

उपाय निघाला तो आमच्याच सवयीतून. ज्या गावात रोज पाणी येतं त्यांना हे कळणार नाही पण आमच्याकडे पाणी यायच्या दिवशी काय होतं तर नळ सुटला की आधी बायका घरातलं उरलेलं शिळं पाणी ओतून टाकतात, पिंप घासतात आणि मग ताजं भरतात. म्हणजे ज्या गावात पाण्यासाठी बोंब आहे त्याच गावात पाण्याच्या दिवशी सकाळी गल्लीत ओहोळ वाहत असतो, अंगण धुतलं जातं, गाड्या धुतल्या जातात. हे पाणी वाईट नसतं, फक्त सात दिवसांचं असतं. तर एवढंच ठरलं की शिळं पाणी गटारात नाही, डिव्हायडरवर. वार नाही, यादी नाही. नळ आला की बादल्या आपोआप निघतात. पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन बंगल्यांच्या लाइनला आणि रो-हाऊसच्या लाइनला वेगवेगळ्या दिवशी सोडतो, ते तर आमच्या पथ्यावरच पडलं, आठवड्यात दोनदा पाणी मिळायला लागलं झाडांना.

पण आठवड्यातून दोनदा ओतलेलं पाणी मे महिन्यात ४१-४२ डिग्रीला टिकणार किती. मुरमातून खाली नाहीतर वर उडून. म्हणून मडकी. रोपाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून ठेवायचं, ते हळूहळू झिरपतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात. जुनी पद्धत आहे, नवीन काही नाही. मी ग्रुपवर आवाहन केलं की घरातले जुने माठ द्या. ढीग जमला. ते सगळे घेऊन कुंभाराकडे विचारायला गेलो तर त्याने एक माठ उचलला, नखानं टिचकी मारली आणि विचारलं, "हा का काढला घरातून?" पाणी गार होत नाही म्हणून, आम्ही म्हटलं. तो हसायलाच लागला. "जो गार करत नाही तो झिरपत नाही ताई. झिरपतं म्हणून तर गार होतं. हे तर बुजलं सगळं क्षारानं." लोकांनी जे माठ टाकून द्यायला काढले होते ते नेमके याच कारणासाठी बाद झालेले होते. काही काथ्यानं आणि विटेच्या भुकटीनं घासून वापरात आले, बाकीचे पक्ष्यांच्या पाण्याला गच्च्यांवर गेले. त्याच्याकडून मग काठ मोडलेली, विकली न जाणारी नवी मडकी ४० रुपयांना एक अशी घेतली. काठ मोडलेला चालतो, गळ्यापासून वर तसंही झाकणच येणार असतं.

आणि पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेनंतर मडकी विकत घ्यावीच लागली नाहीत. आमच्या मराठवाड्यात त्या दिवशी करा-केळी पुजतात, कोरी, लाल मातीची, आणि पूजा झाली की बऱ्याच घरांत त्यांचं काय करायचं हा प्रश्न असतो, फेकवत नाही. ऐन उन्हाळ्यात घराघरात कोरी झिरपणारी मडकी तयार. काकू स्वतः फिरून गोळा करून आल्या. संक्रांतीची सुगडीसुद्धा आम्ही ठेवून घेतो, ती छोट्या रोपांना, मेंदीच्या नवीन फांद्यांना पुरतात. थंडीत मडकं चार-चार दिवस चालतं, मेमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळ गाठतं. वरून आच्छादन हवंच. ते आम्हाला रसवंतीवरून मिळालं, फेब्रुवारी ते मे उसाची चिपाडं रोज पोत्यानं निघतात, रसवंतीवाल्याला ती उचलणारा माणूस हवाच असतो. फक्त एक-दोन दिवस उन्हात वाळवून मग पसरायची, ओली टाकली की मुंग्या आणि चिलटं.

डासांचं मी स्वतःहून सांगते कारण हा प्रश्न येतोच. उघडं मडकं म्हणजे डेंग्यूच्या डासाची सोय. प्रत्येक मडक्यावर मातीचं पसरट परळ, त्याच्या कडेला ओल्या मातीचा लेप, आणि ज्यात पाणी ओततो त्या भोकाला चिंधीचा बोळा. घरोघरी भांडी तपासायला येतात त्या ताईंनाच आम्ही पहिल्या पावसाळ्यात डिव्हायडरवर नेलं आणि झाकणं उघडून टॉर्चनं बघायला लावलं. त्यांनी चार झाकणं सैल निघाली ती दाखवली. आता त्या न बोलावता तिकडून चक्कर मारतात.

मग एका नोव्हेंबरात केबलवाले. सकाळी ऑफिसला, वाळूजला जाताना सगळं ठीक होतं, संध्याकाळी आले तर डिव्हायडरच्या मधोमध लांब चर, मेंदी उपटून बाजूला, मडक्यांची खापरं. कुठल्या तरी कंपनीचा फायबर, खाली ठेकेदार, त्याच्या खाली मजूर, आणि मजूर बिचारे दुसऱ्या जिल्ह्यातले, त्यांना काय ओरडणार. मामूंनी मात्र दुपारीच ट्रॅक्टरचा नंबर आणि ठेकेदाराच्या माणसाचा फोटो घेऊन ठेवला होता. आमच्याकडे परवानगीचं पत्र होतं, नकाशा होता, लॅमिनेट केलेला. तो माणूस आधी म्हणाला जागा तुमच्या बापाची आहे का, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "नाही बाबा, तुझ्याही नाही, इथं लिहिलंय बघ, कोणाचीच नाही." चौथी अट. शेवटी त्याने चर नीट बुजवून दोन ट्रॉली माती टाकली, मडक्यांचे पैसे दिले नाहीत. उपटलेली मेंदी बहुतेक परत लागली, हा तिचा गुण, आमचा नाही.

पाणीपुरीवाला अजून तिथेच आहे, हे लिहायला हवं, कारण काही लोकांना बाग म्हणजे आधी त्याला हाकला असंच वाटत होतं. त्याची गाडी आता कर्बला लागून नाही, थोडी पुढे, आणि त्याच्या टोकाचा कचरा तोच उचलतो, रात्री अकरापर्यंत तिथे उजेड आणि माणूस असतो. बॅनरवाले मात्र गेले नाहीत. मेंदीत काठ्या खोचून वाढदिवसाच्या शुभेच्छा. ते उतरवायला आम्ही ज्येष्ठ नागरिकांना पाठवतो, त्यांना कोणी काही बोलत नाही.

सध्या वाद चालू आहे तो बेंचचा. निधीतून चार बेंच मिळतायत, सिमेंटचे, पाठीवर नाव बेंचपेक्षा मोठं. रो-हाऊसच्या आजोबांना हवेत, संध्याकाळी बसायला जागा नाही हे खरंच आहे त्यांचं. माझा विरोध आहे. झाडांना पाणी घालायला मोठी माणसं दोन्हीकडे बघून जातात ते वेगळं, पण बसायची जागा केली की आजोबांमागे नातवंडं येणार, चेंडू येणार, आणि आमचा रस्ता आतला असला तरी क्लासला जाणारी पोरं तिथून कशी गाडी मारतात ते मी रोज बघते. बेंच ठेवायचेच तर फुटपाथच्या बाजूला, बंगल्यांच्या कंपाउंडला लागून ठेवा, तोंड डिव्हायडरकडे करून, बसा आणि बघा. बंगलेवाले म्हणतात आमच्या गेटजवळ नको, रात्री पोरं बसतील. आजोबा म्हणतात मग आम्ही कुठे जायचं. पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे, गच्ची माझीच, चहा मात्र या वेळी मी बंगलेवाल्यांना करायला सांगितलाय.